टाकीतले बिनबोलावलेले मेहमान

कोल्हापूरहून रत्नागिरीचा समुद्र गाठायचा तर आंबा घाट उतरून सव्वाशे-दीडशे किलोमीटर जावं लागतं. तरीही आता समुद्र घाट चढून आपल्या दिवाणखान्यात येऊ लागला आहे. पूर्वी घरात मासे पाळायचे म्हणजे गप्पी, गोल्डफिश किंवा फार तर एखादी एंजल. आता मुलांना हवा असतो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश, आणि तो गोड्या पाण्यात जगत नाही. मग अब्बू हिशेब मांडतात, अम्मी विचारते, "याचं पाणी कोण बदलणार?" आणि दोन-तीन महिन्यांच्या हट्टानंतर खाऱ्या पाण्याची टाकी घरात येते.

वाचकहो, या टाकीविषयी दुकानात बरंच काही सांगितलं जातं. पाण्यात मीठ किती, तर लिटरला साधारण ३५ ग्रॅम. तेही स्वयंपाकाचं मीठ नाही, टाकीसाठीचं खास मिश्रण. तापमान २५-२६ अंश. पण एक गोष्ट सांगायची बहुतेक राहून जाते. आपण विकत घेतलेल्या माशांबरोबर आणि दगडांबरोबर असे काही जीव घरात येतात, ज्यांची पावती कुणी फाडलेली नसते. पंधरा दिवस, महिनाभर ते दिसत नाहीत. मग एके रात्री दिवा बंद केल्यावर मुलगा ओरडतो, "अम्मी, दगडातून काहीतरी बाहेर आलं!"

अशा वेळी घाबरून उचललेलं पाऊल जास्त नुकसान करतं. आज त्याविषयीच बोलू.

हे येतात कुठून?

समुद्राच्या टाकीत शोभेसाठी आणि पाणी शुद्ध राहण्यासाठी सच्छिद्र दगड ठेवतात. समुद्रात राहिलेल्या, जीवजंतूंनी भरलेल्या अशा दगडाला या छंदातली माणसं लाइव्ह रॉक म्हणतात. त्याच्या छिद्रांत राहणारे सूक्ष्म जिवाणू माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया पचवतात. म्हणून हा दगड म्हणजे टाकीचा गाळणीयंत्रही असतो आणि स्वच्छता कामगारही.

पण त्याच छिद्रांत अळ्या, खेकडे, शंख, शेवाळ आणि त्यांची अंडीही बसलेली असतात. कोकणात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना हे नवं नाही. ओहोटीला खडकावर कालवं काढायला गेलं की एकेका खडकावर किती तऱ्हेचे जीव चिकटलेले असतात ते त्यांनी पाहिलेलं असतं. प्रवाळाच्या तुकड्यावर, शंखावर, माशाच्या अंगावर, एवढंच काय पिशवीतल्या पाण्यातही असे बिनतिकीट प्रवासी असतात.

आधी ओळख, मग उपाय

पहिला नियम हा की ओळख पटल्याशिवाय काही मारायचं नाही. आलेल्यांपैकी बरेच जण निरुपद्रवी असतात, काही तर टाकीचे सेवक असतात.

काचेवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके उड्या मारताना दिसले, तर ते बहुधा कोपेपॉड. हे माशांचं उत्तम खाद्य. तांदळाच्या दाण्याएवढे, कोळंबीसारखे वाकडे जीव दगडांत पळताना दिसले, तर ते ॲम्फिपॉड. तेही उरलंसुरलं खाऊन जागा स्वच्छ ठेवतात. पाच बारीक, केसाळ हात दगडाच्या फटीतून बाहेर काढणारा छोटा तारामासा हाही सफाई कामगारच. दगडावर पिसांच्या पंख्यासारखं काही उघडलं आणि हात जवळ नेताच मिटलं, तर तो नळीत राहणारा किडा आहे. पाण्यातले कण गाळून तो पोट भरतो आणि कुणाच्या वाटेला जात नाही.

सगळ्यात जास्त घबराट उडते ती ब्रिसल वर्ममुळे. गुलाबी-करड्या रंगाची, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांच्या रांगा असलेली, गोमेसारखी दिसणारी ही अळी रात्री बाहेर पडते. दिसायला भयंकर, पण यातल्या बहुतेक जाती मेलेलं आणि उरलेलं अन्न खातात. मेलेल्या माशावर ती दिसली की आपण म्हणतो, "हिनेच मारला." खरं पाहता मासा आधी मेलेला असतो आणि ही नंतर पोहोचते.

मात्र तिला उघड्या हाताने धरायचं नाही. तिचे केस काचेच्या तंतूसारखे बोटात मोडतात आणि आग होते. मोडलेच तर चोळू नका. त्या जागी चिकटपट्टी लावून अलगद ओढा, म्हणजे केस निघून येतात. तिची संख्या फार वाढली असेल तर दोष अळीचा नसून आपल्या हाताचा असतो, कारण आपण खाद्य जास्त टाकतो. लेकरं येता-जाता चिमूट टाकतात, दादी म्हणतात, "उपाशी दिसतायत बिचारे," आणि तळाशी अन्न साचतं. माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच द्या. महिन्या-दोन महिन्यांत अळ्या आपोआप कमी होतात. घाईच असेल तर बारीक छिद्रं पाडलेल्या नळीत माशाचा तुकडा घालून ती रात्री तळाशी ठेवावी आणि सकाळी अळ्यांसकट काढून घ्यावी.

खरे त्रासदायक कोण?

पहिला मान ऐप्टेशियाचा. काचेसारखी पारदर्शक, तपकिरी झाक असलेली, ताडाच्या छोट्या झाडासारखी दिसणारी ही समुद्रफुलाची जात आहे. सुरुवातीला घरात कौतुक होतं की बघा, फुकटात फूल उगवलं! पण तिच्या सोंडांना डंख असतो. शेजारच्या प्रवाळाला ती जाळते आणि बघता बघता दगडभर पसरते. इथेच बहुतेक जण चुकतात. चाकूने खरवडायला जातात. ऐप्टेशियाच्या तळव्याचा राईएवढा तुकडा जरी मागे राहिला तरी त्यातून नवं फूल उगवतं. एकाची पाच झाली की समजावं, कुणीतरी खरवडलं आहे.

तिच्यावर उपाय शांतपणे करायचा असतो. पंप थांबवून पाणी स्थिर करावं, सिरिंजमध्ये लिंबाचा रस घ्यावा आणि फूल मिटण्याआधी त्याच्या तोंडात किंवा बुंध्यात थोडा सोडावा. एका वेळी तीन-चार फुलांपलीकडे जाऊ नये, नाहीतर पाण्याचा सामू बिघडतो. सुई वापरत असाल तर मोठ्यांनीच हे काम करावं आणि सिरिंज मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. निसर्गातही तिचे शत्रू आहेत. पेपरमिंट श्रिंप नावाची लाल रेघांची छोटी कोळंबी ऐप्टेशिया खाते. बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय तर तिच्याशिवाय दुसरं काहीच खात नाही.

दुसरे खेकडे. दगडातून आलेला नखाएवढा खेकडा गोड दिसतो, पण वाढला की छोटे मासे, शंख आणि प्रवाळ कुरतडू लागतो. अंग केसाळ आणि नांग्यांची टोकं काळी असतील तर सावध राहावं. त्याला पकडायची युक्ती घरगुती आहे. काचेच्या पेल्यात कोळंबीचा तुकडा टाकावा आणि पेला दगडाला टेकवून तिरपा ठेवावा. खेकडा वासावर आत उतरतो, पण गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही.

रात्री टाकीतून टक्-टक् आवाज येत असेल तर तो दोघांपैकी एकाचा असू शकतो. पिस्तुल कोळंबी आवाज करते, पण माशांच्या सहसा वाटेला जात नाही. मँटिस श्रिंप मात्र शिकारी असतो. त्याच्या पुढच्या पायांचा फटका इतका जोरदार असतो की शिंपला फुटतो. त्याच्या बिळाजवळ हात घालणं म्हणजे बोट गमावण्याची तयारी ठेवणं. तो ज्या दगडात आहे तो दगडच बाहेर काढून बादलीत ठेवावा आणि त्याला तिथे वेगळा करावा.

तिसरा त्रास म्हणजे गंजाच्या रंगाच्या चपट्या अळ्या. काच आणि वाळूवर त्यांचा थर दिसतो. औषध टाकून सगळ्या एकदम मारल्या तर मरताना त्या पाण्यात विष सोडतात आणि मासेही जातात. आधी बारीक नळीने जमतील तेवढ्या ओढून काढाव्यात. औषध वापरायचं असेल तर ते उरलेल्या थोड्यांसाठी, आणि सोबत ताजा कार्बन व बदलण्यासाठी पाणी तयार ठेवूनच.

चौथं शेवाळ. हिरव्या काचमण्यासारखे चमकदार फुगे दगडावर आले तर मुलांना ते फोडायचा मोह होतो. फोडू देऊ नका. मुळाशी धरून अख्खे काढावेत. केसाळ हिरवं शेवाळ वाढलं तर ते पाण्यातल्या जास्त नायट्रेट-फॉस्फेटची खबर असते. तिथेही मूळ कारण जादा खाद्य आणि न बदललेलं पाणी हेच.

आणि पाचवा, डोळ्यांना न दिसणारा मेहमान म्हणजे माशांच्या अंगावर मिठाच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके आणणारा परजीवी. तो नव्या माशाबरोबर येतो आणि त्याच्या एका अवस्थेत दगडाला, वाळूला चिकटून कित्येक आठवडे लपून राहतो. त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण ते मुख्य टाकीत कधीच घालायचं नाही. तांबं कोळंबी, शंख, प्रवाळ सगळ्यांना मारतं. आजारी मासे वेगळ्या टाकीत काढून तिथे इलाज करावा.

एक गोष्ट स्वयंपाकघरात कधीच नको

आता सगळ्यात महत्त्वाचं. दगडात फार किडे झाले म्हणून काही जण तो मोठ्या पातेल्यात उकळतात. कुणी त्यावर उकळतं पाणी ओततं. हे जिवावर बेतू शकतं.

दगडांवर किंवा प्रवाळाबरोबर बटणांच्या झुपक्यासारखे दिसणारे जीव येतात. त्यांना झोअँथिड म्हणतात. काही रंगीत असतात, काही साधे तपकिरी. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक मानलं जातं. दगड उकळला की हे विष वाफेबरोबर हवेत मिसळतं आणि घरभर पसरतं. २०१८ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात, स्टीव्हंटन गावी एका घरात टाकीतलं प्रवाळ साफ करताना असंच झालं. घरातली सगळी माणसं आजारी पडली आणि मदतीला धावलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही रुग्णालयात न्यावं लागलं.

म्हणून दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने किंवा वाफेच्या यंत्राने धुवायचा नाही, कोरडा झाल्यावर ब्रशने घासायचा नाही. हात घालण्याआधी रबरी हातमोजे घाला आणि डोळ्यांना चष्मा लावा. हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या. टाकीसाठीची बादली, नळी, पेला वेगळा ठेवा आणि तो पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. टाकी साफ केल्यानंतर काही तासांत घरात कुणाला तोंडात कडवट चव, ताप, खोकला, धाप किंवा स्नायूंत वेदना जाणवल्या तर सर्वांनी मोकळ्या हवेत जावं आणि उशीर न करता सीपीआरला, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात, किंवा जवळच्या रुग्णालयात पोहोचावं. डॉक्टरांना समुद्राच्या टाकीबद्दल आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

दारातच थांबवा

आलेल्याला हाकलण्यापेक्षा दारातच चौकशी केलेली बरी. त्यासाठी आधी दगड कुठला आहे ते विचारा. भारतातली दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडाही तिथेच आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत जो दर्जा वाघाला, तोच त्यांना. मालवणच्या समुद्रातही प्रवाळं आहेत आणि तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. "किनाऱ्यावरून फुकटात आणून देतो," असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नकार द्यावा. ते फुकट नसतं, त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे.

त्याहून सोपा मार्ग उपलब्ध आहे. भट्टीत भाजलेले किंवा सिमेंटपासून बनवलेले कृत्रिम सच्छिद्र दगड मिळतात. त्यात आधी जिवाणू नसतात, म्हणून टाकी तयार व्हायला महिना-दीड महिना धीर धरावा लागतो, पण किडे, खेकडे, विषारी बटणं यातलं काहीच सोबत येत नाही. नव्याने छंद सुरू करणाऱ्या कुटुंबाने, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर, हाच मार्ग धरावा.

जिवंत काही आणलंच तर ते थेट मुख्य टाकीत सोडू नये. साध्या, छोट्या टाकीत चार ते सहा आठवडे वेगळं ठेवावं. तिथे वाळू नको, शोभा नको. पाणी, हीटर, फिल्टर आणि लक्ष ठेवणारे डोळे एवढं पुरे. दगड असेल तर नेहमीपेक्षा जास्त खाऱ्या पाण्याच्या बादलीत दोन-तीन मिनिटं बुडवून हलवला की आत दडलेले खेकडे आणि किडे बरेचसे बाहेर पडतात. रात्री लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात पाहणी करावी. या जिवांना लाल उजेड फारसा जाणवत नाही. मुलांना एक वही द्या. काय दिसलं, कुठे दिसलं, किती वाजता, हे त्यांनी लिहावं आणि चित्र काढावं. ओळख पटवायला हीच वही सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

आणि बाहेर कधीच नको

शेवटचा मुद्दा एका घराचा नाही, साऱ्या गावाचा आहे. टाकीचा कंटाळा आला किंवा काही नकोसं झालं की आपल्याला वाटतं, बिचाऱ्याला मारण्यापेक्षा रंकाळ्यात सोडू, पंचगंगेत सोडू, सवाब मिळेल. यात दया दिसते, पण ती पाण्यात राहणाऱ्या बाकी जिवांना महाग पडते.

पंचगंगेवर पसरणारं केंदाळ आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. तिचं जांभळं फूल सुंदर दिसतं म्हणून तिला शोभेसाठी हौसेने देशोदेशी नेलं गेलं. आज ती काढायला यंत्रं लावावी लागतात. टाकीची काच साफ करायला आणतात तो सकर मासाही दक्षिण अमेरिकेचाच. टाकीत बोटभर असतो, पण पुढे फूटभराहून मोठा होतो आणि मग लोक त्याला जवळच्या पाण्यात सोडतात. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही.

समुद्रातही हेच घडलं आहे. १९८४ मध्ये मोनॅको इथल्या सागरी संग्रहालयाच्या खालच्या समुद्रात, टाकीत वाढवल्या जाणाऱ्या कॉलर्पा नावाच्या शेवाळाचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा दिसला. पुढच्या काळात त्याने भूमध्य समुद्राचा हजारो हेक्टर तळ व्यापला. तेच शेवाळ २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडलं. तिथे लोक लगेच कामाला लागले, तरी ते पूर्ण संपलं असं जाहीर करायला २००६ उजाडलं. आपल्याकडे १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात अमेरिकेकडच्या समुद्रातला एक छोटा काळपट शिंपला आढळला. जहाजांना चिकटून तो आला होता, आणि नंतर मुंबईच्या नौदल गोदीतही पोहोचला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण एकदा बसल्यावर त्याला उठवणं कुणाला जमलं नाही.

समुद्रातला जीव रंकाळ्याच्या गोड्या पाण्यात बहुधा तडफडून मरेल. मग ती दया कसली? आणि सुट्टीत मालवणला किंवा रत्नागिरीला जाताना तो किनाऱ्यावर नेऊन सोडला, तर आपल्या टाकीतला रोग, परजीवी आणि परदेशी शेवाळ तिथे पोहोचेल. नकोसा झालेला निरोगी मासा विक्रेत्याला किंवा दुसऱ्या छंदी माणसाला द्यावा. काढलेले किडे आणि शेवाळ पिशवीत बांधून घरच्या कचऱ्यात टाकावं. गटारात किंवा ओढ्यात नाही. बटणांचे झुपके असलेला दगड घरी साफ करण्याचा प्रयत्नच करू नये, पाण्यात बुडवून बंद डब्यातून विक्रेत्याकडे परत न्यावा. बदललेलं खारं पाणी कुंडीत किंवा परसात ओतू नका, झाडं जळतात. न्हाणीघराच्या मोरीत थोडं थोडं सोडावं.

टाकी घेण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. खाद्य एकच माणूस देईल. टाकीत हात मोठ्यांनीच घालायचा, तोही हातमोजे घालून. आणि टाकीतलं काहीही, जिवंत किंवा मेलेलं, नदी-तळ्यात जाणार नाही. हे तिन्ही जमणार असेल तर खुशाल समुद्र घरी आणा. मुलं त्यातून शाळेच्या पुस्तकात नसलेलं बरंच काही शिकतील. जमणार नसेल तर गप्पीची टाकीही छान असते, आणि रत्नागिरीची एस.टी. रोज सुटते. ओहोटीच्या वेळी खडकांवर मुलांना घेऊन जा. तिथे हे सगळे मेहमान त्यांच्याच घरी भेटतात.